रिपोर्ट बदलला की थायरॉइडच्या गोळीचा डोस लगेच बदलावा का?

मुलुंडकर : माझ्या पत्नीचा टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक; गोळी कमी पडली की ते वाढते) सकाळी घरी दिलेल्या रक्तात ६.१ आला आणि त्याच आठवड्यात ऑफिसच्या तपासणीत, दुसऱ्या लॅबमध्ये, दुपारी ४.२ आला. गोळी तीच, ५० मायक्रोग्रॅमची. पहिल्या आकड्यावर डोस वाढवून घेण्याचा घरच्यांचा आग्रह मला मान्य नाही. टीएसएच रात्री व पहाटे चढलेला असतो, दुपारी उतरतो, आणि प्रत्येक लॅबची चाचणीपद्धतही एकसारखी नसते. त्यातच सातच्या लोकलसाठी धावणारे आपण गोळीपाठोपाठ दुधाचा चहा घेतो. मग गोळी नीट शोषली जाणार कशी?

वृंदा, दादर : हे सारे खरे असले तरी त्याच्या आडोशाने कमी पडणारा डोस महिनोन्‌महिने चालू राहतो, हे आपण नजरेआड करत आहात. फ्री टी४ (रक्तातले मोकळे थायरॉइड संप्रेरक) किंचित घसरला तरी टीएसएच कितीतरी पटींनी वाढतो, म्हणूनच तो लवकर इशारा देतो. गर्भधारणेत तर पहिल्या काही आठवड्यांतच औषधाची गरज वाढते; तिथे ‘पुन्हा तपासून पाहू’ म्हणत थांबणे परवडणारे नाही.

मुलुंडकर : गर्भधारणेचा अपवाद मी विनातक्रार मान्य करतो. मात्र माझ्या सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या आहेत. त्या वयात टीएसएच थोडा वर असणे अनेकदा स्वाभाविक असते, उलट डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे ठिसूळ होतात. एका रिपोर्टवर वाढवा, पुढच्यावर कमी करा, या खेळात शरीराला स्थिर व्हायला वेळच मिळत नाही. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे तरी जावे लागतात, कारण गोळीतील संप्रेरक निम्मे व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात.

लॅबवाला, ठाणे : आपण दोघेही रिपोर्टवर भांडत आहात, रक्त देण्याआधी काय घेतले होते हे कोणीच विचारलेले नाही. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेणाऱ्यांचा टीएसएच काही यंत्रांवर खोटा कमी दिसतो. ते निदान दोन दिवस आधी बंद ठेवावे. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी आणि थायरॉइडची गोळी यांत चार तासांचे अंतर हवे. फ्री टी४ तपासायचा असेल, तर त्या दिवसाची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. (पावसाळ्यात बाटलीचे झाकण उघडे ठेवणारेही मी पाहिले आहेत, ही गोळी दमट हवेत खराब होते.) सकाळी जमत नसेल तर जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

वृंदा, दादर : लॅबवाले म्हणतात ते पटले, पण मुलुंडकर, आपला मुद्दा ४.२ आणि ६.१ यांच्यापुरताच टिकतो. तीच लॅब, तीच वेळ, नीट घेतलेली गोळी, आणि तरीही आकडा १० च्या वर असेल, तर डॉक्टरांनी डोस वाढवण्यास आपण कोणत्या आधारावर हरकत घेणार?

मुलुंडकर : तेव्हा घेणार नाही. ६.१ साठी मात्र माझी हरकत कायम आहे. पुढचे रक्त सकाळी त्याच लॅबमध्ये देऊ आणि दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवू.