ज्येष्ठांच्या कार्यक्रमातला पोवाडा (सोसायटी ग्रुप)

*बी-304 काका:* नमस्कार मंडळी. मुलांना म्हणायला महर्षी कर्व्यांवर दोन चौक रचलेत. डफ माझ्याकडे आहे. खटकेल ते बिनधास्त सांगा.

मुरूडहून पोर निघाला । पायी चालला । परीक्षा द्याया साताऱ्याला ॥
कुंभार्ली घाट तुडवला । वेळेत पोचला । 'लहान दिसतोस' म्हणती त्याला ॥
तसाच माघारी धाडिला । नाही खचला । फर्ग्युसनी प्रोफेसर झाला । जी रं जी जी ॥

अठ्ठावन्नाव्या वर्षाला । पाया घातला । बायकांच्या विद्यापीठाला ॥
सत्तरीत बोटीत बसला । देशोदेशी गेला । सांगे कार्य साऱ्या जगाला ॥
पंच्याऐंशी उलटून गेला । समता संघ काढला । शंभरीत भारतरत्न झाला । जी रं जी जी ॥

*ए-201:* काका, फक्कड! 'लहान दिसतोस' पोरं मस्त म्हणतील 👏

*डी-401 दादा:* 1962 मध्ये गेले तेव्हा 104 वर्षांचे होते. हा आकडा हवाच ना?

*बी-304 काका:* मुद्दाम घेतला नाही. वय वाढणं आपल्या हातात नसतं. ज्या वयात लोक हात टेकतात, त्या वयात हा माणूस नवं काम काढत होता. तेच मुलांच्या तोंडून ऐकायचंय.

*सी-102 आजी:* काका, चाल छान बसलीय. पण बायाचं, म्हणजे कर्व्यांच्या बायकोचं, नाव कुठंय? गोदूबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. 1893 ला या दोघांनी लग्न केलं, तर मुरूडकरांनी वाळीत टाकलं. आणि पुण्याजवळचं हिंगणंही राहिलं, तिथे झोपडीत त्यांनी विधवांचा आश्रम काढला. कॉलेज आटोपून अण्णा, म्हणजे कर्वे, रोज तिथे चालत जायचे, पावसाळ्यात चिखल तुडवत. माझी आई तिथल्या वसतिगृहात राहून शिकली, म्हणून सांगते. ती पहिली झोपडी संस्थेच्या आवारात अजून जपलीय, मुलांना दाखवून आणा.

*बी-304 काका:* आजी, बरोबर आहे तुमचं. मधला चौक तुम्हीच द्या.

*सी-102 आजी:* घ्या.

बायाचा हात धरिला । गाव कोपला । वाळीत टाकी दोघांला ॥
हिंगण्याचा माळ गाठला । चिखल तुडविला । झोपडीत आश्रम थाटला । जी रं जी जी ॥

*ए-201:* आजी 🙏🙏 हाच चौक सगळ्यात भारी. माझ्या लेकीला द्या, पाठ करून घेते.

*बी-304 काका:* दिला. 'वाळीत टाकी'वर डफ थांबेल, ती ओळ तिने एकटीने म्हणायची.

*सेक्रेटरी:* सराव शनिवारी सहा वाजता, गच्चीवर. आजींसाठी खुर्ची ठेवतो.