कोकमध्ये पिच घालावं का? सीएसआर ६४ वरून ५८ वर आलाय

लॅब_कच्छ

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, सध्या कच्छमधल्या एका नॉन-रिकव्हरी कोक प्लांटच्या (कोळसा भाजून भट्ट्यांसाठी कोक बनवतो, निघणारा वायू तिथेच जळतो) लॅबमध्ये केमिस्ट आहे. स्टॅम्प चार्जिंग आहे, म्हणजे कोळसा ठोकून घट्ट करून ओव्हनमध्ये भरतो. पावसाळ्यापर्यंत सीएसआर (भट्टीतल्या वायूत तापल्यावर कोकची उरणारी ताकद, जास्त तेवढी चांगली) ६४ च्या आसपास असायचा, आता ५८ वर आलाय. एम-१० (कोक ड्रममध्ये फिरवल्यावर पडणारा चुरा, कमी तेवढा चांगला) सुद्धा ७ वरून ९ वर. गिऱ्हाईक ६२ च्या खाली गाडी उतरवून घेत नाही. राख, गंधक, व्होलॅटाइल (कोळसा तापवल्यावर उडून जाणारा भाग) सगळं पूर्वीसारखंच. ब्लेंडही तेच, ऑस्ट्रेलियन हार्ड कोकिंग (मजबूत कोक देणारा कोळसा) अधिक सेमी-सॉफ्ट (त्याहून हलक्या प्रतीचा).

मालक म्हणतात, कोलटार पिच (कोळशाच्या डांबरातला घट्ट काळा भाग) कोळशात ३ टक्के घालून बघू. एक विक्रेता तयार कोकवर बोरिक ॲसिडच्या पाण्याचा फवारा मारा म्हणतोय. कोणी प्रत्यक्ष वापरलंय का?

वर्धेकर

माझी सगळी नोकरी भिलाईला कोक ओव्हनमध्ये गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पिच कामाचं आहे, पण ते कोणती उणीव भरून काढतं ते आधी पाहा. कोळसा साडेतीनशे-चारशे अंशांच्या दरम्यान मऊ पडतो आणि पाचशेच्या आसपास परत घट्ट होतो. मधल्या तेवढ्या वेळात जो भाग वितळतो, तोच न वितळणाऱ्या दाण्यांना धरून ठेवतो. पिचमुळे हे वितळणं वाढतं. ब्लेंडची फ्लुइडिटी, म्हणजे हे वितळून पातळ होणं, कमी पडत असेल तर फरक नक्की दिसेल. आधीच भरपूर असेल तर छिद्रं मोठी होतील, भिंती पातळ होतील आणि पैसे घालून कोक ठिसूळ कराल.

तुम्ही राख लिहिली, व्होलॅटाइल लिहिलं, पण गिझलरचा (फ्लुइडिटी मोजणाऱ्या चाचणीचा) आकडा कुठे आहे? प्रॉक्झिमेट (राख-व्होलॅटाइलचे आकडे) जागच्या जागी आणि एम-१० वर गेला म्हटल्यावर मला पहिला संशय ढिगाचा येतो. कोळसा उघड्यावर पडून राहिला की हवेतला ऑक्सिजन धरतो आणि सगळ्यात आधी फ्लुइडिटी मरते. राख-व्होलॅटाइलमध्ये तोवर काही दिसतही नाही. सेमी-सॉफ्ट यात हार्ड कोकिंगपेक्षा लवकर बिघडतो, आणि ब्लेंडला फ्लुइडिटी बहुतेक वेळा तोच देत असतो.

गिझलर नसेल तर क्रुसिबल स्वेलिंग करा, म्हणजे कोळसा तापून किती फुगतो ते बघा. एक ग्रॅम कोळसा, झाकणाची क्रुसिबल, ८२० अंश, आणि फुगून वर आलेलं कोकचं बटण नमुन्याच्या आकृत्यांशी जुळवायचं. एक नमुना ढिगाच्या बाहेरच्या अंगाचा घ्या, एक आत खणून. दोन्ही बटणं शेजारी ठेवलीत की डोळ्यांनीच कळेल.

बोरिक ॲसिडबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सीएसआरच्या चाचणीत २० मिमीचे २०० ग्रॅम तुकडे ११०० अंशांवर दोन तास कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवतात, मग आय-ड्रममध्ये (फिरत्या नळकांड्यात) ६०० फेरे देऊन १० मिमीच्या चाळणीवर किती उरलं ते मोजतात. बोरॉनमुळे ती वायूची क्रिया मंदावते, म्हणून सीआरआय (त्या वायूत कोक किती झिजतो तो आकडा) उतरतो आणि सीएसआर चढतो. एवढं खरं आहे. पण मुळात नीट न जुळलेली भिंत फवाऱ्याने जुळत नाही. तुमचा एम-१० नऊचा नऊच राहील आणि चुरा गिऱ्हाइकाच्या भट्टीत निघेल. मारायचाच असेल तर गिऱ्हाइकाला सांगून मारा. समोरचा त्या आकड्यावर भट्टी चालवतो.

शिरोली_फौंड्री

विषय निघालाच आहे तर विचारतो. आमचं कुपोला (लोखंड वितळवायची उभी भट्टी) आहे, कोल्हापूर. आम्हाला सीएसआर कोणी सांगत नाही, आम्हाला मोठा खडा पाहिजे. हल्ली गाडी उतरवतानाच हाताएवढ्या खड्यांचे उभे तुकडे पडतात. हे पण पिच कमी म्हणूनच काय?

वर्धेकर

नाही भाऊ, तुमचा आजार वेगळा आहे. उभ्या चिरा म्हणजे घट्ट झाल्यानंतर कोक फार आकसला. तिथे न वितळणारं काहीतरी लागतं, म्हणजे बारीक कोक ब्रीझ (कोकचा चुरा), अँथ्रासाइट किंवा पेट्रोलियम कोक. फौंड्री कोक बनवणारे ते घालतातच. मात्र ब्रीझ पिठासारखं दळलेलं हवं. भरड दाणा राहिला तर चीर त्याच्याभोवतीच सुरू होते. आणि ब्रीझ वाढवलं की त्याला धरून ठेवायला फ्लुइडिटीही जास्त लागते, म्हणून पुष्कळदा सोबत पिच येतं. पुरवठादाराकडे शॅटर इंडेक्स (उंचावरून टाकल्यावर खडा किती टिकतो) मागा, तुमच्या कामाचा आकडा तोच.

लॅब_कच्छ

काका, बटणं काढली. सेमी-सॉफ्ट आतून साडेसहा, बाहेरून चार. हार्ड कोकिंग दोन्हीकडे सारखाच. यार्डात विचारलं तर हा ढीग पावसाळ्याआधीपासून पडून आहे. नवीन माल त्याच्या पुढ्यात टाकत गेले आणि लोडर सोयीचं म्हणून बाहेरच्याच अंगाने उचलतोय.

वर्धेकर

मग उत्तर मिळालं. ताज्या सेमी-सॉफ्टवर सध्याच्याच प्रमाणात थोडी ओव्हन भरून बघा, पिचशिवाय. एम-१० खाली आला की मालकांना दाखवा. जुना ढीग फेकू नका. थोडा थोडा मिसळून संपवा आणि पिच तिथे वापरा, दीड-दोन टक्क्यांपासून सुरुवात करून. कडक पिच कोळशासोबत क्रशरमधूनच जाऊ द्या. फावड्याने वरून टाकलेलं नीट मिसळत नाही, मग एक खडा चांगला आणि एक वाईट असा कोक निघतो. यार्डात आधी आलेला माल आधी उचलायचा, हे लोडरवाल्याला लेखी द्या.

पिच येण्याआधी माणसांची व्यवस्था करा. पिचची धूळ अंगावर बसून त्यावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी लाल होते, डोळे चुरचुरतात. आणि त्यातली काही द्रव्यं कॅन्सर करणारी आहेत. कच्छच्या उन्हात दुपारी उघड्या हातांनी कोणालाही पिचची गोणी फोडायला लावू नका. काम सूर्य मावळल्यावर किंवा शेडखाली, पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा, धुळीचा मास्क, आणि घरी जाण्याआधी साबणाने अंघोळ. कपडे प्लांटमध्येच धुवायचे, घरी पोरांच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. कंत्राटी मजुरांनाही हे सगळं मिळतंय की नाही, ते तुम्ही स्वतः उभं राहून बघा.