प्रति: शाळेतल्या बागेत फुलपाखरं टिकत नाहीत

झेंडू, जास्वंद लावूनही फुलपाखरं टिकत नाहीत, हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर. पण फुलं फक्त मकरंद देतात. अंडी घालायला ठरावीक झाडंच लागतात. लाइम आणि कॉमन मॉर्मन या फुलपाखरांना लिंबू-कढीपत्ता, प्लेन टायगरला रुई, रेड पिएरोला पानफुटी.

ठाण्यात घोडबंदर रोडला माझ्या मुलीच्या शाळेत सगळीकडे पेव्हर ब्लॉक, म्हणून मुलांनी जुन्या क्रेटमध्येच लिंबू-कढीपत्ता लावला. पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आल्या आणि माळीकाकांनी कीड समजून फवारा मारला. पोरं अक्षरशः रडली. आता सहावीची मुलं आळीपाळीने रोज अळ्या मोजतात, विज्ञानाचा तासही तिथेच सावलीत होतो. तुम्ही 'फवारू नका' ही पाटी पहिल्याच दिवशी लावा.