टेन हागला ऑलिव्हरने नाही, मालकांनी घालवलं. रेफरीवरचा राग आता पुरे

रामबागचा युनायटेडवाला

गेल्या आठवड्यात आपल्यातल्याच एकाने ठासून लिहिलं की मँचेस्टर युनायटेडचा प्रशिक्षक एरिक टेन हाग याची नोकरी रेफरी मायकेल ऑलिव्हरच्या एका पेनल्टीने गेली आणि पुढे आपल्या युनायटेडची जी दैना झाली तिचं मूळ रेफरींमध्ये आहे. इंदूरच्या आपल्या बहुतेक मंडळींनी त्यावर माना डोलावल्या. मला हे मुळीच पटत नाही.

ज्यांनी सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २७ ऑक्टोबर २०२४, वसुबारसेच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. वेस्ट हॅमच्या मैदानावर ८१व्या मिनिटाला आपल्या कासेमिरोने १-१ केलं. नव्वद मिनिटं संपल्यावर आपला डी लिग्ट आणि त्यांचा डॅनी इंग्ज यांचा पायाला पाय लागला. मैदानावरच्या रेफरीने खेळ चालू ठेवला. व्हीएआरवर, म्हणजे खोलीत बसून चित्रफितीवर निर्णय तपासायच्या कामावर, असलेल्या ऑलिव्हरने त्याला पडद्यापाशी बोलावलं, पेनल्टी दिली गेली आणि त्यांच्या बोवेनने ती मारली. आपण २-१ हरलो. दुसऱ्या दिवशी टेन हाग घरी. रेफरींचे प्रमुख हॉवर्ड वेब यांनी नंतर जाहीरपणे मान्य केलं की तो हस्तक्षेप चुकीचा होता.

चूक होती, यावर वाद नाही. पण त्याच सामन्याचा पूर्वार्ध आठवा. डालोने गोलकीपरला चुकवलं, समोर गोल मोकळा, आणि चेंडू बारवरून बाहेर! त्याआधी गार्नाचोचा फटका बारला लागून परतला. अर्ध्या तासात सामना खिशात घालायला हवा होता. ते आपण केलं नाही, आणि सामना शेवटच्या मिनिटाच्या मर्जीवर सोडला.

आता मालकांकडे या. २०२३-२४ ला प्रीमियर लीगमध्ये आठवे आलो. उन्हाळ्यात क्लबने दुसऱ्या प्रशिक्षकांशी बोलणी केली, कुणी जमलं नाही म्हणा किंवा धीर झाला नाही म्हणा, आणि त्याच टेन हागला २०२६ पर्यंत करार वाढवून दिला. त्याच्या पसंतीच्या खेळाडूंवर जवळपास वीस कोटी पौंड ओतले. आणि नऊ सामन्यांनंतर ११ गुण झाल्यावर त्याला काढला! डॅन ॲशवर्थ नावाचा स्पोर्टिंग डायरेक्टर न्यूकॅसलशी कित्येक महिने घासाघीस करून आणला आणि पाच महिन्यांत तोही गेला. या दोघांना आणि टेन हागच्या साहाय्यकांना निरोप देण्यात क्लबचे जवळपास दीड कोटी पौंड गेले. त्याच वर्षात अडीचशे कर्मचाऱ्यांना घरी बसवलं आणि उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला, म्हणजे आपले सात हजार रुपये. लहान मुलांना सवलत नाही, म्हाताऱ्यांना नाही.

यातला एक तरी निर्णय व्हीएआरच्या खोलीत झाला का? आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असं चाललंय आपलं. रेफरीच्या नावाने जितका वेळ आपण बोंब मारतो तितका वेळ मालक निवांत असतात. हे त्यांच्या पथ्यावरच पडतं.

पलासिया_१०

दादा, मालकांबद्दल एका शब्दाचाही वाद नाही. पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकमेकांसमोर उभ्या करताय. मालक वाईट आहेत म्हणून रेफरीची चूक लहान होत नाही.

व्हीएआर आणताना आपल्याला काय सांगितलं होतं? स्पष्ट, ढळढळीत चूक असेल तरच आतला माणूस बोलेल. डी लिग्टच्या प्रसंगात मैदानावरचा रेफरी काही पावलांवर उभा होता, त्याने पाहिलं आणि खेळ चालू ठेवला. मग मैलोगणती दूर खोलीत बसलेल्या माणसाने तो उलटवायचा कशाच्या जोरावर? आणि एकदा पडद्याकडे बोलावणं आलं की रेफरी आपला निर्णय राखतो असं किती वेळा दिसतं? बोलावणं म्हणजेच निकाल झाला आहे.

डालोने संधी घालवली ती खेळातली चूक. ती करायचा त्याला हक्क आहे, त्याची शिक्षा त्याला तिथल्या तिथे मिळते. रेफरीच्या चुकीची शिक्षा मात्र रेफरीला नाही, दुसऱ्यालाच. म्हणून राग येतो, आणि तो आलाच पाहिजे.

रामबागचा युनायटेडवाला

राग येऊ दे, पण हिशोबही कर. २०२४-२५ च्या अखेरीस आपण ४२ गुणांवर पंधरावे. चौदावे कोण? वेस्ट हॅम, ४३ गुणांवर. तो सामना १-१ सुटला असता तर आपले ४३, त्यांचे ४१. ऑलिव्हरने आपल्याला पंधराव्यावर ठेवलं, नाहीतर आपण चौदावे असतो! ३८ सामन्यांत १८ हरलो. उरलेल्या सतरा पराभवांचा जाब कुणाला विचारायचा?

महू_लाइन्समन

मी महूला लहान-मोठ्या स्पर्धांत झेंडा घेऊन उभा असतो, म्हणून दोन शब्द.

ऑफसाइड बघायला, म्हणजे पास निघतो त्या क्षणी पुढचा खेळाडू शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पलीकडे आहे का ते टिपायला, लाइनवर उभं राहणं लांबून सोपं वाटतं. शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत सतत राहायचं, म्हणजे तो पळाला की आपण पळायचं, आडवं सरकत. पास मागून येतो. ज्याने मारला तो एका बाजूला, ज्याच्यासाठी मारला तो दुसऱ्या बाजूला, डोळे एकाच वेळी दोन्हीकडे असू शकत नाहीत. चेंडूच्या लाथेचा आवाज ऐकायचा आणि त्या क्षणी रेषेत काय दिसतं ते मनात गोठवायचं. डिसेंबरात चार-साडेचारला पश्चिमेचं ऊन थेट डोळ्यांत. झेंडा वर गेला की मागून हमखास आवाज येतो: "सेटिंग आहे!"

बरं, यंत्राने हे सुटलं का? इंग्लंडमध्ये ऑफसाइडच्या रेषा जुन्या पद्धतीने आखायचे तेव्हा कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं घ्यायचा. खेळाडू सेकंदाला दहा मीटरच्या वेगाने धावत असेल तर दोन चित्रांच्या मध्ये तो २० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. मग अंगठ्याएवढ्या ऑफसाइडबद्दल खात्री कशी द्यायची? प्रीमियर लीगमध्ये ऑफसाइडची अर्धस्वयंचलित पद्धत एप्रिल २०२५ मध्ये आली, तोपर्यंत हेच चाललं.

पेनल्टीचंही तसंच. संथ गतीने दाखवलं की प्रत्येक स्पर्श लाथेसारखा दिसतो. म्हणून नियमावलीत म्हटलंय की स्पर्श कुठे झाला ते संथ गतीत पाहा, जोर किती होता ते नेहमीच्या वेगात. डी लिग्टच्या वेळी खोलीतला माणूस एका पायाकडे बघत राहिला. यात बदमाशी नाही. माणूस एकच चित्र पुन्हा पुन्हा पाहत बसला की त्याला तेच दिसायला लागतं.

पलासिया_१०

भिया, बदमाशी म्हणतंय कोण? पण पगारी, पूर्णवेळ रेफरी आहेत ते. महूच्या मैदानावर झेंडा धरणाऱ्याला जी सूट मिळते ती त्यांना कशी द्यायची?

जुना_स्टँड

वादाचं मूळ जरा मागे आहे. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला तो मोठ्या प्रमाणात कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं. तोवर युनायटेड कर्जमुक्त होता. तेव्हापासून आपण भरलेल्या पैशातून व्याज जातंय. २०१० मध्ये लोकांनी निषेधाचे हिरवे-पिवळे गळपट्टे बांधले, न्यूटन हीथ या क्लबच्या जुन्या नावाच्या काळातल्या रंगांचे. मे २०२१ मध्ये लोक थेट मैदानात घुसले आणि लिव्हरपूलचा सामना पुढे ढकलावा लागला. २०२४ च्या फेब्रुवारीत रॅटक्लिफ यांनी पाव हिस्सा घेतला तेव्हा वाटलं, चला, आता फुटबॉल कळणारा माणूस आला.

या सगळ्या वीस वर्षांत रेफरी आले-गेले. छप्पर तेच गळतंय.

लोकमान्यनगरची केओपी

मी लिव्हरपूलची, तरी लिहिते, कारण मूळ मुद्दाच मला चुकीचा वाटतो. रेफरीविरुद्ध बोलल्याने मालक सुटतात, हे खरं नाही.

३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम. आमच्या लुईस डियाझचा गोल. झेंडा वर गेला होता, म्हणजे मैदानावर निर्णय ऑफसाइड. व्हीएआरवाल्याने पाहिलं, डियाझ ऑनसाइड होता हे त्याला दिसलं, पण मैदानावर गोल दिलाय असा त्याचा समज झाला आणि त्याने "तपास पूर्ण" सांगून टाकलं. खेळ सुरू झाला. चूक लक्षात आल्यावरही कुणी थांबवलं नाही, कारण नियमात परत फिरायची सोय नाही. नऊ जणांवर आलेला आमचा संघ शेवटच्या क्षणी स्वयंगोलने २-१ हरला.

आम्ही गप्प बसलो असतो तर? क्लबने जाहीर निवेदन काढलं, त्या खोलीतलं संभाषण मागितलं, आणि तीन दिवसांत ती ध्वनिफीत सगळ्या जगाने ऐकली. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध लॅम्पार्डचा चेंडू रेषेच्या आत पडला तरी गोल दिला नाही. त्यावर रान उठलं, म्हणून गोललाइनचं तंत्रज्ञान आलं. ओरडल्याशिवाय काही हललेलं नाही.

आणि मालकांचं म्हणाल तर तिथेही आम्हीच होतो. आमचे तेव्हाचे मालक हिक्स आणि जिलेट यांना २०१० मध्ये जावं लागलं त्यात लोकांच्या रेट्याचा वाटा मोठा. फेब्रुवारी २०१६ मध्ये ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध सन्डरलँडच्या सामन्यात ७७व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर पडले. तेव्हा आम्ही २-० ने पुढे होतो, सामना २-२ सुटला. काही दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. एका तोंडाने दोन्ही बोलता येतं.

रामबागचा युनायटेडवाला

ताई, ७७व्या मिनिटाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ते लोक रेफरीसाठी उठले नव्हते, तिकिटासाठी उठले होते. आमच्याकडे ६६ पौंड झाले तेव्हाही तिथल्या चाहत्यांनी निषेध केला. पण आपल्या इंदूरच्या मंडळींत त्या आठवड्यात चर्चा कशाची होती? मागे जाऊन बघा, सगळी ऑफसाइडची.

आणि एक गोष्ट आपल्यापैकी कुणीच काढत नाही. रेफरी आपल्याला देतो तेव्हा आपण कुठे असतो? ऑगस्ट २०२३ मध्ये आपला गोलकीपर ओनानाने वुल्व्ह्जच्या खेळाडूला हवेत अंगावर घेतलं, पेनल्टी नाही, आपण १-० जिंकलो. रेफरी मंडळाने वुल्व्ह्जची माफी मागितली. एप्रिल २०२४, एफए कपची उपांत्य फेरी, कॉव्हेंट्री दुसऱ्या श्रेणीतला संघ. आपण ३-० ने पुढे, तिथून ३-३, आणि जादा वेळेच्या अगदी शेवटी त्यांच्या टॉर्पने चौथा मारला. महूच्या भाऊंनी सांगितलं तसल्याच अंगठ्याएवढ्या ऑफसाइडने तो रद्द झाला. आपण पेनल्टीवर जिंकलो, अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला २-१ हरवलं, आणि त्या कपाच्या जोरावर टेन हागला करार मिळाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये लेस्टरविरुद्ध मॅग्वायरचा शेवटच्या मिनिटाचा गोल उघड ऑफसाइड होता, त्या फेरीत व्हीएआरच नव्हता. रात्री साडेतीनला आपण सगळे नाचलो. पुढच्याच फेरीत फुलहॅमने घरच्या मैदानावर काढलं बाहेर.

एका अंगठ्याने करार दिला आणि एका पेनल्टीने काढून घेतला, असं ज्या क्लबचं चालतं त्याच्या व्यवस्थापनाला स्वतःचं मत नाही. मे महिन्यात आठवा क्रमांक दिसत होता ना? तेव्हाच ठरवायचं होतं, ठेवायचा की काढायचा.

पलासिया_१०

मग तुमच्याच मुद्द्यावर बोलतो. जून २०२४ मध्ये वुल्व्ह्जने व्हीएआर बंद करायचा ठराव आणला. १९ विरुद्ध १ असा पडला. म्हणजे युनायटेडनेही तो ठेवण्याच्या बाजूने मत दिलं. लीग कुणाची? वीस क्लबांची. रेफरी मंडळाला पैसा कोण देतं? लीग आणि फुटबॉल संघटना. म्हणजे व्हीएआरच्या खोलीतलं संभाषण तिथल्या तिथे स्टेडियमभर ऐकवायचं की नाही, एवढे थोडेच रेफरी पुरेत का, हे सगळं शेवटी मालकांच्याच टेबलावर ठरतं. तुम्ही म्हणता रेफरी सोडा, मालक धरा. मी म्हणतो रेफरी धरला की धागा मालकापर्यंतच जातो. मग सोडायचा कशाला?

महू_लाइन्समन

आणि आपल्याकडे? मार्च २०२३ मध्ये बंगळुरूच्या छेत्रीने केरळा ब्लास्टर्सविरुद्ध झटपट फ्री किक मारून गोल केला आणि ब्लास्टर्सचा प्रशिक्षक वुकोमानोविच संघ घेऊन मैदानाबाहेर निघून गेला. क्लबला चार कोटी दंड, त्याला दहा सामन्यांची बंदी. आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये तेव्हा व्हीएआर नव्हता. स्वस्तातला व्हीएआर आणू, असं त्यानंतर आपल्या महासंघाने म्हटलं. त्यावर कुणी धागा काढला का इथे? मी मध्यरात्री जागून मँचेस्टर बघतो, पण दुपारी जिथे झेंडा धरतो तिथे प्रेक्षक बाकावर बसलेले खेळाडूंचे वडीलच. त्या रेफरींना शिकवणारं, चांगले पैसे देणारं कोणी नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

जुना_स्टँड

पलासियाचा मतदानाचा मुद्दा बिनतोड आहे, मला तो सुचला नव्हता. पण मग रोख नीट ठेव. पुढच्या वेळी "ऑलिव्हर चोर" न लिहिता "युनायटेडने व्हीएआरच्या बाजूने मत का दिलं" असं लिही. पहिलं वाक्य वाचून मालक हसतील.

रामबागचा युनायटेडवाला

काकांना अनुमोदन. पलासिया, मत कुणी दिलं तिथवर तू आलास, तर माझ्यात आणि तुझ्यात फार अंतर नाही. एवढंच की तू रेफरीपासून सुरुवात करणार आणि दहापैकी नऊ जण तिथेच थांबणार.

पलासिया_१०

थांबतील ते थांबोत दादा. त्या रात्रीची पेनल्टी मी सोडणार नाही, आणि ते १९ विरुद्ध १ पण नाही.