तिसरीच्या वर्गासाठी समुद्रकिनाऱ्याचं चित्रपुस्तक

कोकणशाळा: शाळा रत्नागिरी तालुक्यात आहे, खडप (किनाऱ्यावरचा खडकाळ भाग) जवळच. तिसरीच्या २४ मुलांकडून किनाऱ्यावरच्या प्राणी-वनस्पतींचं १६ पानी पुस्तक करून घ्यायचंय. खडपावर कधी न्यावं? खरं शेवाळ पानावर लावलं तर पावसाळ्यात टिकेल का?

ओहोटी: पुनवेनंतरची किंवा अवसेनंतरची द्वितीया धरा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. द्वितीयेला दीड वाजता भरती, त्यानंतर साधारण सहा तासांनी म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. भरती-ओहोटीच्या तक्त्यात पडताळून घ्या, तासभर आधी उतरा आणि पाणी फिरलं की वर या. अष्टमीच्या भांगाला (लहान भरती-ओहोटीला) पाणी फारसं उतरतच नाही.

चित्रं खडपातल्या डबक्यापाशीच काढून घ्या. वर्गात आठवून काढलेल्या खेकड्याला नांग्या धरून आठच पाय येतात; खरे चालायचे आठ, नांग्या वेगळ्या. समुद्रफूल दोनदा काढायला लावा: पाण्यात पसरलेलं आणि उघड्यावर मिटून बुळबुळीत गोळा झालेलं. नाहीतर मुलांना ते दोन प्राणी वाटतात. शंकूच्या आकाराच्या शंखाला हात लावू देऊ नका, आतला प्राणी विषारी दंश करतो. प्रवाळाचा तुकडाही आणायचा नाही, कायद्याने बंदी आहे.

कागदकाम: शेवाळ टिकतं, पण मीठ गेलं पाहिजे. राहिलं तर पावसात ओल धरतं आणि बुरशी येते. वाहून आलेलं ताजं शेवाळच घ्या. परातीत समुद्राचं पाणी घेऊन त्यात ते पसरू द्या, खालून जाड ड्रॉइंग पेपर सरकवा आणि तिरका करत हळूच उचला. वरून गोड्या पाण्याची एक धार पुरे. नाजूक लाल शेवाळ गोड्या पाण्यात ठेवलं तर रंग सोडतं. वर जुन्या सुती साडीचा तुकडा, मग वर्तमानपत्रं, मग वजन. वर्तमानपत्रं रोज बदला, कापड मात्र पूर्ण वाळल्याशिवाय ओढू नका, शेवाळ त्याच्याबरोबर निघून येईल. डिंक लागत नाही, पातळ शेवाळ स्वतःच्या चिकाने बसतं.

चार ए-थ्री कागद मधून दुमडले की १६ पानं. दोघांत एक पान म्हणजे १२. दोन मुखपृष्ठाची, आणि मधली जोडपानं अख्ख्या किनाऱ्याला: वर वाळूत मर्यादवेल, मग भरतीची रेषा, खाली कालवं लागलेला खडक. त्यावर निळ्या कागदाची उचलायची लाट लावा, उचलली की ओहोटी. शेवाळाच्या पानांमुळे पुस्तक पुढून फुगतं, म्हणून शिवणीत १ सेंमी रुंद पट्ट्या घाला.

कोकणशाळा: सरगॅसम हे तपकिरी शेवाळही असंच बसेल?

कागदकाम: सरगॅसम नाही बसत. त्याच्या हवेच्या गोळ्या कागद टेकू देत नाहीत. वाळवून दोऱ्याने चार ठिकाणी टाका.