जुनापाणीला पाहुण्यांना न्यावं का? न्यावं, पण कब्रस्तान आहे हे सांगून

काटोलरोडकर:
मत आधी सांगतो, भांडण मग. नागपुरात पाहुणे आले की आपण त्यांना फुटाळा दाखवतो, दीक्षाभूमी दाखवतो, गोरेवाड्याची सफारी आणि जमलं तर रामटेक. जुनापाणी कुणी दाखवत नाही. दाखवावं. आणि गाडीतून उतरण्याआधी स्पष्ट सांगावं की आपण एका कब्रस्तानात चाललो आहोत.

काटोल रोडने शहराबाहेर पडलं की फार लांब नाही. मुरमाड माळ, हलके चढउतार, आणि त्यावर मोठ्या काळ्या दगडांची वर्तुळं, सगळी मिळून ३०० च्या आसपास. ही वर्तुळं म्हणजे दफनाच्या जागा. इसवीसनपूर्व पहिल्या सहस्रकातली, लोखंड वापरणारी माणसं. मेलेल्यासोबत काळी-तांबडी मडकी, कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या ठेवायची. काही दगडांवर ओळीने खळगे कोरलेले आहेत. ते कशासाठी यावर अभ्यासकांचं अजून जुळत नाही, कुणी त्यांचा संबंध सूर्याच्या दिशांशी लावतं. हिवाळ्यात ऊन कलल्यावर तिथे उभं राहून बघा, विदर्भात पाहण्यासारखं काही नाही ही तक्रार पुन्हा करणार नाही.

आमच्या आत्याबाई मात्र गाडीतून उतरल्याच नाहीत. "मसणवट्यात कोणी फिरायला जातं का?" म्हणाल्या. त्यावरून घरात जे पेटलं ते इथे आणतोय. बोला.

महालची सून:
आत्याबाईंचं बरोबर आहे. अंबाझरी घाट, मोक्षधाम, गंगाबाई घाट, रोज कुठल्या ना कुठल्या घाटावरून आपण जातो. हात जोडतो आणि पुढे निघतो. मयतीला जायचं असेल तरच आत पाऊल टाकतो, आणि घरी येऊन आधी अंघोळ. याला घाबरणं म्हणू नका. ही अदब आहे.

आता सांगा, ही अदब किती वर्षांनी संपते? शंभर? हजार? तुमच्या पणजोबांना जिथे अग्नी दिला तिथे कुणी ट्रायपॉड लावून प्री-वेडिंग शूट केलं तर चालेल का? मग जुनापाणीच्या लोकांनी काय पाप केलं? त्यांचं नाव आपल्याला ठाऊक नाही, एवढंच ना?

बर्डीचा बाप्पा:
दगडंच तं आहेत बाप्पा. पाच मिनिटांत पाहून होते. मंग पोरं म्हणते चला न वाघ पाहू, अन् आपण गोरेवाड्यात. कायले एवढं भांडून राहिले?

मातीखाली:
पुरातत्त्व शिकतो आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

बाप्पा, पाच मिनिटांत पाहून होतं कारण तिथे कुणी काही सांगत नाही. जुनापाणी एकटं नाही. नागपूरच्या आजूबाजूला माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड अशी महापाषाणयुगीन, म्हणजे मेलेल्यांसाठी मोठे दगड रचणाऱ्या काळातली, ठिकाणं पसरलेली आहेत. माहुरझरीला माणसांच्या दफनात घोडा सापडला, तोंडावरच्या तांब्याच्या दागिन्यांसकट. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली, म्हणजे कुऱ्हाडी बाहेरून आणलेल्या नाहीत, इथेच घडवलेल्या. आपल्याकडच्या लोखंडाच्या कामाची गोष्ट इतकी जुनी आहे आणि ती आपल्याला मुख्यतः कबरींनी सांगितली.

इथे खोदकामही जुनं आहे. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने जुनापाणीची वर्तुळं उकरून १८७९ मध्ये त्यावर लिहिलं, १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाने पुन्हा उत्खनन केलं. त्याही आधीची एक गोष्ट नागपूरकरांना माहीत असायला हवी. ज्यांच्या नावाचं कॉलेज टेंपल रोडवर आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची अशीच वर्तुळं पाहायला गेले होते. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपलही तिथे होते. परतताना पावसाने फुगलेला नाला घोड्यावरून ओलांडायचा प्रयत्न केला आणि हिस्लॉप बुडाले. हजारो वर्षांपूर्वीच्या मेलेल्यांना पाहायला गेलेला माणूस घरी आला नाही. (आत्याबाईंना हे सांगू नका.)

एवढं असूनही मी गर्दी नेण्याच्या विरोधात आहे. कारण सुतकाचं नाही, नुकसानीचं आहे. माहुरझरीच्या शेतात अकीक-कार्नेलियनचे मणी वर येतात, आणि पाहायला गेलेला प्रत्येक जण एखादा खिशात घालतोच. मणी कुठल्या थरात, कशाजवळ होता, हीच माहिती असते; घरच्या शोकेसमध्ये तो नुसता खडा. वर्तुळातला एक धोंडा बसायला म्हणून सरकवला की गेलं. आणि आपल्या लोकांना मोकळा माळ दिसला की रोडग्यांचा कार्यक्रम सुचतो. गोवऱ्या पेटवायला आडोसा लागतो, आडोशाला दगड लागतात, दगड समोरच असतात. खळग्यांवर काजळी बसली की पुढचा अभ्यास संपला. तुम्ही "सांगून न्या" म्हणता, पण तुमच्यामागून येणाऱ्या दहा गाड्यांना कोण सांगणार?

काटोलरोडकर:
मातीखाली भाऊ, तुमच्याच लिहिण्याने माझं काम केलं. हे सगळं लोकांना ठाऊक झालं तर रोडगे लावायला हात धजावेल का? आज तिथे नासधूस करणाऱ्याला आपण काय मोडतोय हे माहीतच नसतं. शिवाय कायदा आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. स्मारकाची खराबी केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण काटोल रोडला घरांच्या प्लॉटचे लेआउट कसे पडताहेत ते तुम्ही बघताच. ज्या जागी चार माणसं जातात तिथे दगड हलला तर ओरड तरी होते.

महालच्या वहिनी, किती वर्षांनी हे मी मोजलं नाही. पण आपण रायगडावर महाराजांच्या समाधीपाशी जातोच ना? आग्र्याला ताजमहाल तिकीट काढून बघतो, तीही कबरच आहे.

महालची सून:
रायगडावर आपण दर्शनाला जातो. जोडे काढतो. तुमच्या यादीत गोरेवाड्याचा वाघ आणि जुनापाणी एका ओळीत आलं, माझा आक्षेप तिथे आहे. आणि ताजमहालाचं म्हणाल तर वर दिसते ती नुसती प्रतिकृती. खऱ्या कबरी खालच्या तळघरात आहेत आणि तिथे उर्साचे दिवस सोडले तर लोकांना जाऊ देत नाहीत. बांधणाऱ्यालासुद्धा पाहणाऱ्यांची गर्दी आणि मेलेला यांच्यात फरशी हवी होती.

विदर्भवीर ०७:
मग खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीचं काय करायचं तेही ठरवून टाका इथेच

काटोलरोडकर:
नाही ठरवायचं. मार्च २०२५ मध्ये त्या कबरीच्या वादातून महालात दंगल झाली, ते या शहराने भोगलंय. धागा जुनापाणीचा आहे, तिथेच राहू द्या.

जरीपटक्याची:
मी ख्रिस्ती आहे, माझे आईवडील जरीपटक्याच्या दफनभूमीत आहेत. त्यामुळे दोन्ही बाजू वाचताना थोडं हसू येतंय, थोडा रागही.

आमच्यात कबरीवर जाणं अशुभ नाही. २ नोव्हेंबरला आम्ही सगळे जातो, दगड धुतो, रंग देतो, मेणबत्त्या लावतो, मुलं तिथेच खेळतात. म्हणून आत्याबाईंचा नियम सगळ्यांचा नियम नाही. पण मागे एकदा आम्ही प्रार्थनेला उभे असताना दोन मुलं कॅमेरा घेऊन "व्हिंटेज लुक" म्हणत जुन्या क्रुसांमध्ये फिरत होती. त्यातल्या एकाने मला फ्रेममधून जरा बाजूला व्हायला सांगितलं. माझ्या आईच्या कबरीपासून. त्यांना कसं हाकललं ते लिहीत नाही.

म्हणून मला वर्षं मोजायचा प्रश्नच चुकीचा वाटतो. जिथे अजून कुणी रडायला येतं, तिथे पर्यटक नको. कोलकात्यातलं साउथ पार्क स्ट्रीटचं कब्रस्तान १७६७ चं, आता तिथे कुणाला पुरत नाहीत. तिकीट काढून आत जाता येतं, संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स आणि कवी डेरोझिओ यांच्या कबरी पाहता येतात, मोठी झाडं आहेत. मी गेले आहे, मला काही खटकलं नाही. जुनापाणी त्यात बसतं. कामठीच्या छावणीतलं किंवा आमच्या जरीपटक्यातलं यादीत घालाल तर मी विरोधात आहे.

महालची सून:
ताई, तुमच्याशी जे झालं ते वाईटच. पण तुमचा नियम मला अजून कडक वाटतो, उलट्या बाजूने. रडणारं कुणी उरलं नाही म्हणजे रान मोकळं? निपुत्रिक माणसाच्या कबरीला मग कमी मान? ज्यांच्यासाठी भांडायला घरचं कुणी नाही, त्यांच्यासाठी तर परक्यांनीच जास्त जपायला हवं.

जरीपटक्याची:
हे मान्य. जपायला म्हणूनच जावं असं मी म्हणते. ताजबागेच्या दर्ग्यात बघा ना. ताजुद्दीन बाबा १९२५ मध्ये गेले, आजही सगळ्या धर्मांचे लोक येतात, बाहेर फुलं-मिठाईची दुकानं, पोरंटोरं, गर्दी. कुणाला अपमान वाटत नाही. मेलेल्यापाशी माणसांची वर्दळ असणं वाईट नाही, ती कशासाठी आहे यावर सगळं आहे.

मातीखाली:
ताजबागेत राखणारे लोक रात्रंदिवस असतात हे विसरू नका. जुनापाणीच्या माळावर कोण आहे?

माळावरचा:
मी आहे. आमचं वावर त्याच बाजूले आहे. ढोरं तिथूनच जातात, आम्ही त्याच दगडाच्या सावलीत डबा खातो. भूत कधी दिसलं नाही. दगड मात्र कोणी हलवत नाही, आजा सांगून गेला होता का हे कोणाचं तरी आहे, हात लावू नका. त्याले इंग्रजाचं पुस्तक माहीत नव्हतं.

घाण शहरातले करते. रविवारी गाड्या येते अन् सोमवारी बाटल्या आम्ही उचलतो, कारण काच ढोराच्या पायात जाते. तुम्ही इतकी चर्चा करून राहिले, तिकीट, बोर्ड, गाइड. आम्हाले काही विचारलं का? उद्या तारेचं कुंपण झालं तर ढोरं कोणत्या वाटेनं न्यायची ते आधी सांगा. वाट ठेवा, गावातल्या दोन पोराईले सांगायच्या कामावर ठेवा, मंग आणा पाहुणे. आत्याबाईले पण आणा, त्या गाडीत बसल्या तरी चालते, चहा पाठवतो.

मातीखाली:
गावातली मुलं असतील तर माझा विरोध अर्धा कमी होतो. मणी आणि रोडग्यांचा अर्धा राहिलाच.

बर्डीचा बाप्पा:
मंग येत्या रविवारी कोण कोण येऊन राहिलं? रोडगे घरूनच करून आणतो.