दिवाळीला हाती घडवलेलं शाईपेन: हौस की उधळपट्टी?

झरणीप्रेमी
मंडळी, यंदाच्या बोनसमधून एबोनाइटचं शाईपेन करवून घेतोय. साडेनऊ हजार. घरात रोज टोमणे चालू आहेत. पण मला सांगा, लक्ष्मीपूजनाला आपण चोपडीला हळदकुंकू वाहतो आणि तिच्यावर ठेवतो काय, तर दहा रुपयांचं बॉलपेन! एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. कारागीर त्याचा दांडा लेथवर कातून एकेक पेन काढतो, टोपणाचे आटे पाडतो, मग तासन्‌तास घासून झिलई आणतो. हातात धरलं की धातूसारखं गार लागत नाही. तीन वर्षांत भंगारात जाणाऱ्या मोबाईलला चाळीस हजार मोजताना कुणी उधळपट्टी म्हणत नाही.

हिशोबी हणमंत
लिहितं कोण, दांडा की निब? तुमची निब बहुधा जर्मनीतल्या योवो नाहीतर बॉकच्या कारखान्यातली असणार. तसलीच निब निम्म्याहून कमी किमतीच्या पेनातही मिळते. म्हणजे बाकीचे पैसे झिलईचे. आणखी थोडे घातलेत तर सोन्याच्या निबेचं जपानी पेन येईल. शिवाय काळं एबोनाइट उन्हात राहिलं की मातकट होतं, हे विकणारा सांगतो का?

सेवाग्रामकर
निब कुठली, हा वाद आजचा नाही. राजमुंद्रीच्या रत्नम यांचं स्वदेशी पेन ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींना मिळालं. १९३५ मध्ये वर्ध्याहून त्यांनी रत्नमना लिहिलं, की बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो. तिथे प्रश्न हौसेचा नव्हताच, काम कुणाच्या हाताला मिळतं याचा होता. साडेनऊ हजारांतले बरेचसे कारागिराच्या घरी जाणार असतील तर खुशाल घ्या. दुकानदाराच्या खिशात जाणार असतील तर हणमंतरावांचं ऐका.

बोरूबहाद्दर
गांधीजी आलेच आहेत तर पुढचंही ऐका. २००९ मध्ये माँ ब्लाँ या महागड्या पेनांच्या परदेशी कंपनीने गांधीजींच्या नावाचं पेन काढलं. दांडीयात्रेच्या २४१ मैलांची २४१ पेनं, किंमत प्रत्येकी अकरा लाखांच्या वर! केरळ उच्च न्यायालयात याचिका झाली आणि विक्री थांबवावी लागली. हस्तकलेच्या नावाखाली श्रीमंती मिरवायची ती ही अशी.

शाईचा डाग
ड्रॉपरने थेट दांड्यात शाई भरायचं पेन असेल तर जपून. शाई संपत आली की आत हवा जास्त, हाताच्या उबेने ती फुगते आणि निबेतून थेंब टपकतो. भाऊबीजेला नव्या पांढऱ्या सदऱ्यासकट अनुभव घेतलाय.

झरणीप्रेमी
निब जर्मन, मान्य. पण कारागिराने आधी माझा लिहितानाचा व्हिडिओ मागवला. मी पेन फार आडवं धरतो, म्हणून टोक तसं घासून देणार आहे. हे कारखान्यात होतं का? पैसेही थेट त्यालाच पाठवलेत, मध्ये दुकान नाही. ऊन नि सदरा, दोन्ही सांभाळेन. शाई मात्र कॅमलचीच. दांडेकरांचा कॅम्लिन १९३१ मध्ये शाईवरच उभा राहिला, तेवढा मान ठेवायला हवा.

हिशोबी हणमंत
टोक घासून देतो हे ठाऊक नव्हतं, तेवढा मुद्दा तुमचा. पण एवढ्या पेनाने लिहिणार काय? वाणसामानाची यादी?

झरणीप्रेमी
हो. चकलीची भाजणी दोन किलो, इथूनच सुरुवात.